विश्लेषण : सर्व्हर विकत नको, भाड्याने हवा! ‘क्लाउड’मुळे कंपन्यांचा आयटी खर्च कसा बदलतो आहे?

पूर्वी कंपनीत नवा सर्व्हर घ्यायचा तर तीन पुरवठादारांची दरपत्रके, खरेदी समितीची मंजुरी आणि वित्त विभागाची सही असा प्रवास असे. आज तोच निर्णय एखादा अभियंता लॅपटॉपवर दोन-तीन क्लिकमध्ये घेतो. काम झटपट होते, पण खर्चावरची पकड सैल होते. क्लाउडमुळे पैसे खरेच वाचतात का, बिल कशामुळे फुगते आणि एखादी कंपनी माघारी का वळते, याविषयी…

क्लाउड म्हणजे नेमके काय?

दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील संगणक, साठवणुकीची जागा आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने वापरणे म्हणजे क्लाउड. कारखान्याने स्वतःचा जनरेटर न बसवता महावितरणची जोडणी घ्यावी आणि मीटरप्रमाणे बिल भरावे, तसाच हा प्रकार. ॲमेझॉनने २००६ मध्ये ‘एस३’ ही साठवणुकीची आणि ‘ईसी२’ ही संगणक भाड्याने देणारी सेवा सुरू केली आणि या बाजाराने आकार घेतला. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतून ही सेवा द्यायला सुरुवात केली.

हिशेबात काय फरक पडला?

स्वतःचा सर्व्हर हा भांडवली खर्च असतो. पैसे आधी मोजायचे आणि पुढची काही वर्षे घसारा लावत राहायचा. क्लाउडचे बिल मात्र वीज किंवा भाड्यासारखा महसुली खर्च असतो, तो दरमहा येतो. त्यामुळे नव्या उद्योगाला सुरुवातीलाच मोठी रक्कम अडकवावी लागत नाही. दुसरा फायदा क्षमतेचा. दिवाळीतील गर्दी गृहीत धरून घेतलेले सर्व्हर उरलेले वर्ष निम्मेअधिक रिकामे राहतात. क्लाउडवर क्षमता गर्दीपुरती वाढवता येते आणि नंतर कमी करता येते.

मग बिल फुगते कशामुळे?

‘वापराल तेवढेच पैसे’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात घ्याल तेवढे पैसे द्यावे लागतात, मग वापर होवो वा न होवो. समजा, एका सर्व्हरचे भाडे तासाला १० रुपये आहे. तो रोज १० तास, महिन्यात २५ दिवस चालवला तर २,५०० रुपये होतात. तोच बंद करायचा राहून गेला तर ३० दिवसांच्या ७२० तासांचे ७,२०० रुपये होतात. चाचणीसाठी सुरू केलेले आणि विसरलेले सर्व्हर, कोणी न उघडलेले जुने बॅकअप आणि डेटा बाहेर नेण्याचे शुल्क यांचीही त्यात भर पडते. दर डॉलरमध्ये ठरलेले असतील, तर रुपया घसरल्यावर वापर न वाढताही बिल वाढते.

आयटी विभागाचे काम कसे बदलले?

हार्ड डिस्क बदलणे, एसी आणि यूपीएस सांभाळणे ही कामे कमी झाली. त्याऐवजी कोणत्या विभागाने किती क्षमता घेतली आणि त्यातून काय मिळाले, याचा हिशेब ठेवणे हे मोठे काम झाले आहे. याला ‘फिनऑप्स’ म्हणतात. यात अभियंते आणि वित्त विभाग एकत्र बसून बिल तपासतात. एक किंवा तीन वर्षांच्या वापराची हमी दिली तर ॲमेझॉन ७२ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ करते. पण हमी द्यायची तर पुढची गरज आधी ठरवावी लागते. म्हणजे खरेदी समितीपुढचा जुनाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

काही कंपन्या माघारी का वळल्या?

अमेरिकेतील ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिने २०२० मध्ये ‘हे’ ही ई-मेल सेवा आणली. सहा महिन्यांत ३० हजार ग्राहकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात तीन आठवड्यांत तीन लाख जणांनी नोंदणी केली. तेव्हा क्लाउड होता म्हणून ही सेवा तग धरू शकली. पुढे वापर स्थिरावला, तरी २०२२ मध्ये कंपनीचे क्लाउडचे वार्षिक बिल सुमारे ३२ लाख डॉलर होते. कंपनीने सुमारे सात लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले आणि बहुतांश काम त्यावर हलवले. २०२४ पर्यंत क्लाउडचे बिल सुमारे १३ लाख डॉलरवर आले. अर्थात, सर्व्हर हाताळू शकणारे अनुभवी अभियंते तिच्याकडे आधीपासून होते. प्रत्येक कंपनीकडे ते नसतात.

किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर?

प्रश्न पैशांपुरता नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘नायरा एनर्जी’वर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असतानाही स्वतःचाच डेटा हाती लागत नसल्याचे सांगत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हा धोका आधीच ओळखला आहे. आयटी सेवा बाहेरून घेतल्या तरी अंतिम जबाबदारी बँकेचीच राहील आणि सेवा सोडण्याची योजना तयार हवी, असे तिचे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेले निर्देश सांगतात.

छोट्या उद्योगांनी काय पाहावे?

मागणी कमी-जास्त होत असेल किंवा धंदा नवा असेल, तर क्लाउड सोयीचा. वर्षभर एकसारखे काम असेल, तर स्वतःचा सर्व्हर, क्लाउडची हमी योजना आणि दोन्हींचा मेळ अशा तिन्ही पर्यायांचा तीन ते पाच वर्षांचा खर्च मांडून पाहावा. त्यात वीज आणि माणसांचे पगारही धरावेत. क्लाउड घेतल्यावर पहिल्याच दिवशी खर्चमर्यादेचा इशारा सुरू करावा. प्रत्येक सर्व्हरवर जबाबदार व्यक्तीचे नाव नोंदवावे. महत्त्वाच्या डेटाची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. आणि करारावर सही करण्याआधी सेवा सोडताना डेटा किती दिवसांत व किती पैशांत परत मिळेल, हे लेखी विचारून घ्यावे.