ग्रंथालयाच्या मानद सेवकाची मिळकत

समाजकार्य करणाऱ्याचा गौरव करताना आपण बहुधा त्यागाची भाषा वापरतो. आपली संध्याकाळ, आपला रविवार आणि पदरचे चार पैसे ज्याने गावच्या कार्यासाठी वेचले, त्याने काय गमावले याचीच यादी सत्काराच्या भाषणांतून वाचली जाते. त्याला त्यातून काय लाभले, हे विचारणे मात्र औचित्यभंग समजले जाते. हा संकोच मला अनाठायी वाटतो, किंबहुना अपायकारकही वाटतो. कारण जे कार्य केवळ त्याग म्हणून वर्णिले जाते, त्याला तरुण माणूस दुरूनच आदराने नमस्कार करतो आणि ते आपल्याहून थोर अशा कुणासाठी तरी सोडून देतो. मानद सेवा करणाऱ्याला भरघोस मिळकत होते, आणि ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी मी गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे उदाहरण घेतो, कारण त्या कामाशी माझा दीर्घकाळ निकटचा संबंध आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तो 1967 साली. शासनमान्यता, अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्या त्या वर्गाप्रमाणे मिळणारे वार्षिक अनुदान ही सारी व्यवस्था त्यानंतरची. परंतु रत्नागिरीचे ग्रंथालय 1828 चे आहे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. म्हणजे सरकारी अनुदानाची ही तरतूद होण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे, आपापली नोकरी, वकिली किंवा दुकानदारी सांभाळून वर्गणी गोळा करणाऱ्या गृहस्थांनी या संस्था चालविल्या. पुण्याच्या त्या उपक्रमात पुढाकार घेणारे लोकहितवादी सरकारी चाकरीत होते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली उभे राहिले, ते ज्यांच्या खटपटीतून, त्याच विनायक लक्ष्मण भावे यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध केला. गावासाठी ग्रंथ जमविणे आणि त्या ग्रंथांचा इतिहास लिहिणे ही दोन्ही कार्ये एकाच पुरुषाच्या हातून घडावीत, याला मी योगायोग मानत नाही. लोकांसाठी उभारलेला संग्रह उभारणाऱ्याच्याही बुद्धीला खाद्य पुरवीत असतो.

दाखल नोंदवही समोर ठेवून कपाटांतील ग्रंथ न् ग्रंथ पडताळून पाहण्याचे काम घ्या. वरवर पाहता ते निव्वळ कारकुनी असते: एकाने दाखल क्रमांक पुकारायचा, दुसऱ्याने नोंदवहीत खूण करायची, गहाळ झालेल्यांची निराळी यादी करायची, कसर लागलेले ग्रंथ अलग काढायचे आणि शिवण सुटलेले बांधणीसाठी बाजूला ठेवायचे. पण या पडताळणीत ज्या पुस्तकाला कित्येक वर्षांत वाचकाचा स्पर्श झालेला नाही, तेही एकदा हातात येते, आणि त्याच्या पहिल्या पानावरचे शिक्के व हस्ताक्षरे वाचता वाचता आपल्याच गावाचा एक अलिखित इतिहास उलगडू लागतो. अमुक आळीतल्या कुटुंबाने दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ दिलेला संच, आता अस्तित्वात नसलेल्या एखाद्या व्यायामशाळेचे नाव, बंद पडलेल्या शाळेचा गोल शिक्का, बदली होऊन गेलेल्या मामलेदाराने जाताना दिलेले चरित्रग्रंथ! ज्या गावात आपण जन्म काढला त्याची ही ओळख सातबाराच्या उताऱ्यावर मिळत नाही आणि पैसे मोजूनही मिळत नाही. धुळीने नाक चोंदलेल्या त्या दुपारी ती अकस्मात लाभते आणि पुढे आयुष्यभर पुरते.

देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्याची प्राप्ती याहूनही निराळी आहे. ‘काहीतरी चांगलं द्या’ एवढेच सांगून उभ्या राहणाऱ्या सभासदाला नेमके कोणते पुस्तक द्यावे, हे ठरविताना त्या माणसाचे वय, त्याचा व्यवसाय, त्याने मागच्या खेपेस अर्धवट परत केलेली कादंबरी आणि त्या दिवशीची त्याची मुद्रा, या साऱ्यांचा विचार क्षणार्धात करावा लागतो. आणि असा विचार करण्याची सवय जडली की माणसांकडे जात, पक्ष किंवा हुद्दा यांच्या चाळणीतून पाहण्याची आपली खोड हळूहळू सुटू लागते. केवळ प्रवासवर्णनांची गोडी असलेला एस. टी. चा निवृत्त चालक, दिवाळी अंकांसाठी आगाऊ नाव नोंदविणारी गृहिणी, अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी आसपासच्या खेड्यांतली मुले, ही मंडळी एरवी ज्याच्या परिचयाच्या परिघात कधीही आली नसती, त्याला ती रस्त्यात थांबवून बोलतात. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला दाराची घंटा वाजण्याची वाट पाहत दिवस काढावा लागतो, त्या काळात या ओळखीचे मोल किती आहे, हे मी आप्तस्वकीयांच्या उदाहरणांवरून जवळून पाहिले आहे.

कार्यकारी मंडळाच्या सभेत मिळणारे शिक्षण थोडे कडू, पण तितकेच गुणकारी असते. कीर्द, खतावणी, पावतीपुस्तक आणि जडसंग्रह नोंदवही चोख ठेवणे, आपला ठराव नामंजूर झाल्यावरही पुढच्या बैठकीला हजर राहणे, वर्गणीसाठी दारोदार जाऊन नकार शांतपणे ऐकणे, हे ज्याला जमले त्याला लोकशाहीवर निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. मानद सेवेचे हे लाभ पुढे करून कोणी ग्रंथपालाचे तुटपुंजे वेतन समर्थनीय ठरवू लागला, तर तो अन्याय होईल. ज्याचा चरितार्थ या कामावर आहे त्याला पुरेसा पगार वेळेवर मिळालाच पाहिजे. हौसेने येणाऱ्याने त्याची जागा घ्यावयाची नसून त्याच्या हाताखाली काम शिकावयाचे आहे.

आणि शिकविण्याची तयारी जुन्या कार्यकर्त्यांनीही दाखविली पाहिजे. व्याख्यानमालेच्या वेळी सतरंज्या घालण्यास आणि खुर्च्या मांडण्यास तरुणांना बोलवावे आणि ग्रंथनिवड, हिशेब, पत्रव्यवहार मात्र त्याच चार वयोवृद्धांच्या हाती राहावा, ही रीत अनेक संस्थांत रूढ आहे. मग मुले पुन्हा येत नाहीत, ही तक्रार कशाला करावी? येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक ग्रंथालयाने तिशीच्या आतील निदान दोघा सभासदांना ग्रंथनिवड समितीवर घ्यावे, नव्या खरेदीचा काही भाग सर्वस्वी त्यांच्या पसंतीवर सोपवावा, आणि ती यादी जुन्यांना रुचली नाही तरी बिनतक्रार मंजूर करावी.