रिस्टार्ट दाबण्याआधी

'सिव्हिलायझेशन'सारखा गेम सुरू करताना तुमच्यापैकी कितीजण नकाशाची सेटिंग्ज उघडून बघतात? बहुतेकांची सवय वेगळीच असते. जवळ नदी नाही, नुसते डोंगर दिसले की रिस्टार्ट! मनासारखी जागा मिळेपर्यंत दहा वेळा. इच्छापोरच्या आमच्या घरी भाचेमंडळी जमली की अर्धी दुपार यातच जाते.

माझं पोट कोडवर चालतं, म्हणून आतली गोष्ट सांगतो. हा नकाशा वाटतो तितका 'रँडम' नसतो. त्यामागे एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. सीड तोच, सेटिंग्ज त्याच आणि गेमची आवृत्तीही तीच असेल, तर नकाशा हुबेहूब तोच येतो. भावंडांत पैज लागली तर दोघांनी एकच सीड टाका. 'तुला जागा चांगली मिळाली' ही तक्रारच मिटते.

बाकीची सेटिंग्ज फक्त शक्यता ठरवतात. समुद्राची पातळी वाढवली की जमीन कमी. जगाचं वय कमी ठेवलं की डोंगर जास्त, कारण त्यांची झीज व्हायला वेळच मिळालेला नसतो. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये सुरुवातीच्या जागेसाठीही पर्याय आहेत: बॅलन्स्ड, स्टँडर्ड आणि लेजेंडरी. मुलांचं बोट अर्थातच लेजेंडरीवर!

त्यांना मी आपल्या सुरतेचं उदाहरण देतो. तापीचा काठ, जवळ समुद्र, पाठीशी कापसाचा मुलूख आणि मुघलांचं भरभराटीचं बंदर. यापेक्षा लेजेंडरी काय असणार? पण भरलेल्या घरावरच सगळ्यांची नजर असते. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली ती याच संपत्तीसाठी. शिवाय तापी उथळ. मोठी जहाजं शहरापर्यंत येत नसत, हजिऱ्याजवळ सुवालीला नांगर टाकत.

आता मुंबई बघा. सात बेटं, दलदल, भरतीचं पाणी. गेममध्ये अशी जागा आली तर कोणीही रिस्टार्टच करेल. पण बंदर खोल होतं, आडोशाचं होतं. १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. पुढे भराव घालून ती बेटं जोडण्यात कित्येक पिढ्या गेल्या.

खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या आजी-आजोबांकडेही रिस्टार्टचं बटण नव्हतं. मिळाली त्या खोलीत, मिळालं त्या कामावर त्यांनी डाव मांडला. आपल्याला जी बरी सुरुवात मिळाली, ती त्यांच्या त्या डावामुळे.

तर मित्रांनो, या सुट्टीत एक करून बघा. साधनसंपत्ती कमी ठेवा, जग तरुण ठेवा, सुरुवात स्टँडर्ड. मग येईल तो नकाशा घ्या आणि पहिल्या ५० चाली रिस्टार्ट दाबू नका. सीड मला कळवा. त्याच नकाशावर मीही खेळतो, बघू कोण पुढे जातं!