नव्या घोड्याची त्वचा : आधी नमुना, मग औषध

मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, तापीकाठच्या सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही जनावरांचे मोठे सौदे होतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून आलेले घोडे तिथून ट्रकने राज्यभर जातात. कुणी हौसेने घेतलेला असतो, कुणी वरातीच्या धंद्यासाठी, कुणी माथेरान-महाबळेश्वरच्या पर्यटकांसाठी. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आपल्यापैकी अनेकांना सारखाच फोन येतो. ‘डॉक्टर, घेतला तेव्हा अंगावर एक डाग नव्हता. आता खोगिराखालचे केस जायला लागलेत.’

या अंकाचे संपादकीय याच तक्रारीवर लिहीत आहोत, कारण घोड्याच्या त्वचेबाबत आपल्या व्यवसायात फार घाई होते. चट्टे दिसले की आयव्हरमेक्टिन, सोबत एखादे मलम, खाज जास्त असेल तर स्टिरॉइडचे इंजेक्शन, आणि ‘आठ दिवसांनी कळवा’. आठ दिवसांनी घोडा बरा नसतो आणि तोवर नमुना घेण्याजोगी त्वचाही उरलेली नसते. नव्याने घेतलेल्या घोड्याचे निदान दोन गोष्टींवर उभे राहते : खरेदीची तारीख आणि त्वचेचा नमुना. यांतली पहिली केसपेपरवर क्वचित लिहिली जाते आणि दुसरा क्वचित घेतला जातो.

आपल्याकडचा खरेदीदार घोडा निरखून पाहतो, यात शंका नाही. भोवरे कुठे आहेत, देवमण आहे का, कोणती खोड तर नाही ना, हे तो तासभर पाहील. पण आयाळ उचलून मुळाशी पाहणे, शेपटीचा बुंधा चाचपणे, तंगाच्या जागेवरचे केस उलटे करून बघणे हे राहून जाते. बाजारात घोड्याला तेल चोपडलेले असते, काही वेळा केस रंगवलेलेही असतात. त्यामुळे पहिली खरी तपासणी घोडा घरी आल्यावर, अंग धुऊन वाळल्यावरच होते. ती आपणच करायची आहे.

आता तारखेचे महत्त्व पाहू. घोडा आल्या-आल्या, पहिल्या आठवड्यातच खाजवत असेल तर तो आजार तो घेऊनच आला आहे. डिसेंबर-जानेवारीत अंगावर थंडीचे दाट केस असतात आणि उवांना तेच हवे असते. घोड्यावर दोन प्रकारच्या उवा सापडतात : रक्त शोषणारी हिमॅटोपायनस असिनी आणि त्वचेचा कोंडा खाणारी डॅमॅलिनिया इक्वाय. आयाळीचा मूळभाग आणि शेपटीचा बुंधा उजेडात, भिंगाखाली पाहिला तर त्या डोळ्यांना दिसतात. पायांच्या खालच्या भागात, खुराच्या वर खपल्या असतील आणि घोडा पाय आपटत असेल तर कोरिऑप्टिस माइटची शंका घ्यावी. फक्त शेपटीचा बुंधा घासून केस तुटले असतील तर त्वचेकडे नव्हे, आतड्याकडे पाहावे. ऑक्झियुरिस इक्वाय या कृमीची मादी गुदद्वाराभोवती अंडी घालते आणि त्या खाजेने घोडा भिंतीला शेपटी घासतो. पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराजवळ दाबून ती स्लाइडवर लावली की उत्तर मिळते.

खरेदीनंतर एक ते चार आठवड्यांत गोल, खपलीदार, केस तुटलेले चट्टे उठले तर गजकर्ण आधी आठवावे. ट्रायकोफायटॉन इक्वायनम ही बुरशी शरीरात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण इतकाच काळ जातो. म्हणून ‘घेतला तेव्हा डाग नव्हता’ हे मालकाचे म्हणणे खरे असते आणि विकणाऱ्याने फसवले असेलच असेही नाही. ट्रकमध्ये शेजारी बांधलेला घोडा, बाजारातले उसने खोगीर, एकाच खराऱ्याने घासलेली दहा जनावरे यांतून ती येते. चट्टे बहुधा खोगिराखाली, तंगाच्या रेषेत आणि तोंडावर लगामाच्या पट्ट्यांखाली असतात. कमी वयाच्या घोड्यांत ते झपाट्याने पसरतात.

दोन-तीन महिन्यांनी अंगभर केस विरळ झाले, पण त्वचा स्वच्छ आहे, खाज नाही, खपली नाही, तर मागे जाऊन विचारावे : मध्ये ताप आला होता का? पोटशूळ झाला होता का? मोठ्या आजारानंतर किंवा शरीरावर आलेल्या मोठ्या ताणानंतर केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांनी गळतात. ते परत येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागला की थंडीचे केस झडतात, तेही नैसर्गिक आहे. खाली नवे, आखूड, चमकदार केस दिसत असतील तर औषधाची गरज नाही, मालकाला समजावण्याची आहे.

पावसाळ्याचे आजार मात्र खरेदीनंतर सहा महिन्यांनी समोर येतात. कोरड्या मुलखात वाढलेला घोडा माथेरानच्या किंवा कोकणातल्या पावसात प्रथमच उभा राहतो. पाठीवर, पुठ्ठ्यावर केसांचे पुंजके खपलीसकट कुंचल्यासारखे उपटून येतात आणि खाली ओलसर, गुलाबी त्वचा दिसते. हा डर्मॅटोफायलस काँगोलेन्सिस या जिवाणूचा आजार. सतत भिजणे आणि त्वचेला झालेली बारीक इजा या दोन्हींशिवाय तो जोर धरत नाही. आयाळ आणि शेपूट घासून ओरबाडलेली असेल, त्रास पहाटे आणि संध्याकाळी वाढत असेल, तर क्युलिकॉइडिस या बारीक माश्यांच्या चाव्याची ॲलर्जी असते. अशा घोड्याला माश्यांच्या वेळी पागेत ठेवणे, पंखा लावणे, अंगावर पातळ झूल घालणे हेच मुख्य उपचार आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठांजवळ किंवा जखमेवर उठणारी, भरून न येणारी ‘बरसाती’ ही माश्यांनी सोडलेल्या हॅब्रोनेमाच्या अळ्यांची असते, तिथे केवळ जखमेचे मलम उपयोगी पडत नाही.

चंदी आणि चारा यांचाही प्रश्न विचारायला हवा. अंगावरचे केस ठीक आहेत, पण आयाळ आणि शेपटीचे लांब केस गळत आहेत, असे चित्र दिसले तर सुबाभूळ घातली जाते का ते पाहावे. सुबाभळीतील मिमोसिन या द्रव्याने घोड्याचे नेमके हेच केस जातात आणि खुरांवरही परिणाम होतो. शेताच्या बांधावर सहज मिळणारा हिरवा पाला म्हणून नवा मालक तो प्रेमाने घालत असतो. पाला बंद केला की केस परत येतात. पंजाबातून आलेल्या घोड्यात आयाळ-शेपटीचे केस गळणे आणि खुरांवर आडव्या कड्या, भेगा दिसणे हे दोन्ही असेल तर दीर्घकाळ झालेल्या सेलेनियमच्या विषबाधेचा विचार करावा. होशियारपूर आणि नवांशहर भागांतील काही जमिनींत सेलेनियमचे प्रमाण जास्त आहे.

हे सारे प्रकार लांबून पाहिले तर एकसारखे दिसतात. म्हणून नमुना. कोणतेही औषध लावण्यापूर्वी तो घ्यायचा. गजकर्णाच्या शंकेत चट्ट्याची कड 70 टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यावी, मग कडेचे तुटके केस आर्टरी फोर्सेप्सने उपटून कागदी पाकिटात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि इतर बुरशी वाढतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये केस पाहिले तर बीजाणू केसाभोवती दिसू शकतात, पण न दिसल्याने आजार नाही असे ठरत नाही, कल्चर करावेच. वुड्स लॅम्पवर विसंबू नये : घोड्यात सर्वाधिक आढळणारी ट्रायकोफायटॉन इक्वायनम त्याखाली चमकत नाही. डर्मॅटोफायलससाठी खपलीचा खालचा ओला भाग सलाइनच्या थेंबात चुरून स्लाइडवर पसरावा आणि जिम्सा स्टेन करावा, रुळांसारख्या समांतर ओळींत मांडलेले कोकाय दिसले की निदान पक्के. माइटसाठी लिक्विड पॅराफिन लावून स्काल्पेलच्या पात्याने खरवडावे, आणि एकाच नव्हे तर अनेक जागांवरून. स्लाइड, पाते, पाकीट, पॅराफिन आणि चिकटपट्टी हे सगळे एका डब्यात मावते.

औषधांत काही गोष्टी ठामपणे टाळायच्या आहेत. गोचिडांसाठी कृषी सेवा केंद्रात आणि औषध दुकानात सहज मिळणारे अमिट्राझ घोड्याला कधीही लावू नये. त्याने आतड्याची हालचाल मंदावते, शेण साचून पोटशूळ होतो आणि घोडा दगावू शकतो. मालक गाईम्हशींसाठी आणलेली बाटली घोड्यासाठीही वापरतो, म्हणून हे प्रत्येक मालकाला आपण होऊन सांगितले पाहिजे. गाईबैलांसाठीचे आयव्हरमेक्टिन घोड्याच्या स्नायूत टोचल्याने क्लॉस्ट्रिडियमचा गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. घोड्यासाठी तोंडाने द्यायची पेस्ट आहे, मात्रा दर किलो वजनाला 0.2 मिलिग्रॅम. तीही कोंडा खाणाऱ्या उवांवर भरवशाची नाही, त्यांना अंगावर लावायचे औषधच हवे, आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिलांसाठी दोन आठवड्यांनी पुन्हा. स्टिरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेली माणसांची मलमे लावू नयेत. खाज थांबते, पण बुरशी पसरते आणि चट्ट्याचे रूप बदलून जाते. अशाच मलमांच्या सर्रास वापराने आपल्या देशात माणसांमधला गजकर्ण किती हट्टी झाला आहे, हे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आहेत. गाभण घोडीला ग्रायसिओफल्विन देऊ नये, पोटातल्या शिंगरात व्यंग येण्याचा धोका असतो. इंजिनाचे जळके ऑइल आणि रॉकेल यांनी त्वचा भाजते, हेही स्पष्ट बोलावे. गजकर्ण बहुतेक घोड्यांत काही आठवडे ते महिन्यांत आपोआप बरा होतो. आपण औषध देतो ते मुख्यतः तो इतर घोड्यांत आणि माणसांत पसरू नये म्हणून.

सर्वांत गंभीर शंका वेगळी काढून सांगायला हवी. पायांच्या आतल्या बाजूला लसीकावाहिन्यांच्या रेषेत माळेसारख्या गाठी, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव, सोबत नाकातून घट्ट स्राव किंवा ताप असे दिसले तर तो त्वचारोग म्हणून हाताळू नये. ग्लँडर्स डोळ्यांसमोर आणावा. 2006 मध्ये महाराष्ट्रातही त्याने डोके वर काढले होते. बर्खोल्डेरिया मॅलिआय माणसाला जिवघेणा ठरतो. हातमोजे आणि मास्कशिवाय त्या गाठीला हात लावू नये, प्रतिजैविके सुरू करू नयेत, घोडा जागेवरून हलवू नये. 2009 च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमानुसार या आजाराची खबर देणे बंधनकारक आहे. रक्तजलाचा नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. मालकाचे नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना खबर देणे अवघड असते, हे आम्ही जाणतो. पण एक घोडा लपवला तर मोतद्दाराचा जीव आणि गावातले सगळे घोडे पणाला लागतात. खंगत चाललेला, पोटाखाली आणि पायांवर सूज असलेला, मधून मधून ताप येणारा घोडा असेल तर रक्ताचा स्मिअर पाहून सर्राही तपासावा. बाजारात घोडे आणि उंट एकत्र येतात आणि डांस माश्या दोघांनाही चावतात.

या सगळ्यांवर एक उपाय असा आहे की, त्याला औषध लागत नाही : नवा घोडा किमान तीस दिवस वेगळा बांधणे. त्याचा खरारा वेगळा, खोगिराखालची गादी, लगाम, तंग, झूल वेगळी. मोतद्दाराने आधी घरची जनावरे, मग नवा घोडा, या क्रमाने काम करावे. कापडी गाद्या आणि ब्रश धुऊन दहापट पाण्यात मिसळलेल्या ब्लीचमध्ये ठेवावेत, चामड्याचे सामान साबणाने घासून उन्हात वाळवावे. चट्टे असेपर्यंत त्या जागी खोगीर चढवू नये. लग्नसराईत घोडा महिनाभर उभा ठेवणे मालकाला परवडत नाही, हे खरे. पण सगळ्या पागेला गजकर्ण झाला तर हंगामच हातातून जातो, आणि घोड्यावर बसणाऱ्या नवरदेवापासून माथेरानच्या पर्यटकाच्या मुलापर्यंत तो माणसांतही पसरतो. हा हिशेब मालकाला आपणच मांडून दाखवायचा आहे.

आपल्यापैकी ज्यांचे काम घोडेबाजारांच्या परिसरात आहे, त्यांना आमची विनंती आहे. येत्या हंगामात प्रत्येक नव्या घोड्याच्या केसपेपरवर खरेदीची तारीख, खरेदीचे ठिकाण आणि घोड्याचा मूळ प्रदेश या तीन नोंदी करा. चट्टा दिसला की औषधाआधी स्लाइड करा. तुमच्या नोंदी या मासिकाकडे पाठवा, आम्ही त्या प्रसिद्ध करू. आपल्या राज्यात बाजारातून आलेल्या घोड्यांत कोणता त्वचारोग केव्हा आढळतो, हे आपण लिहून ठेवले तरच पुढच्या पशुवैद्यकाला कळेल.