शेवटचा मेल-सर्व्हर उडवणाऱ्यांनो...

परवा एका क्लायंटकडे पुन्हा तेच ऐकलं. "मेलबॉक्स सगळे क्लाऊडवर गेले ना? मग एक्स्चेंज करा अनइन्स्टॉल!" मी नाही म्हटलं, तर साहेब रुसले. रुसू देत.

अहो, ही दिवाळीची साफसफाई नाही! (आई, हे तुला नाही गं.) यूजर्सची माहिती अजून ऑफिसातल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतच आहे, तिथूनच सिंक होऊन वर जाते. शेवटचा सर्व्हर अनइन्स्टॉल केलात की डिरेक्टरीतली एक्स्चेंजची महत्त्वाची माहितीही पुसली जाते. एप्रिल २०२२ मध्ये, २०१९ आवृत्तीच्या सीयू१२ पासून, मायक्रोसॉफ्टनेच सोय केलीय: मॅनेजमेंट टूल्स दुसऱ्या मशीनवर टाका आणि सर्व्हर नुसता बंद करा. अनइन्स्टॉल नको. एवढंच, पण नीटनेटक्या माणसांना ते सहन होत नाही.

"पण १४ ऑक्टोबर २०२५ ला २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट संपला!" मान्य. म्हणून तर बंद करा म्हणतोय, चालू ठेवा म्हणत नाहीये.

आणि त्याआधी लॉग वाचा हो. मेलबॉक्स शून्य म्हणजे मेल शून्य नव्हे. इथे तिसऱ्या मजल्यावरचा स्कॅनर आणि पगाराचं जुनं सॉफ्टवेअर अजून २५ नंबरच्या पोर्टवरून ह्याच सर्व्हरमार्फत मेल पाठवतायत. पगाराच्या स्लिपा महिन्यातून एकदाच निघतात, आठवड्याच्या लॉगमध्ये त्या दिसणार कशा? एक महिनाअखेर जाऊ द्या.

साहेबांना पुढच्या महिन्याची पाच तारीख दिलीय. तोवर कोणी मशीनला हात लावला तर निस्तरायला मी येणार नाही, हेही सांगून ठेवलंय.