रस्सा चालतो, माणूस चालत नाही

लंडनमधल्या ‘इंडियन’ हॉटेलांच्या पाट्यांना भुलू नका. बहुतेक पाट्यांमागं चुलीपाशी माणूस बांगलादेशातल्या सिल्हेटचा. गोऱ्यांच्या आगबोटीत गोऱ्या खलाशाहून कितीतरी कमी पगारावर कोळसा ओढायचा. बंदरात बोट सोडून पळाला, दुसऱ्याच्या मोरीत हात कुजवले, रांधायला शिकला. दुसरं महायुद्ध संपल्यावर पैपै जोडून बॉम्बनं पडझड झालेली खानावळ घेतली. पब बंद झाले की दारुडे यायचे, रस्सा ओरपून वर शिव्या घालून जायचे. आपल्याकडं तर हातचंही चालत नाही. गावच्या हॉटेलात आपली कपबशी वेगळी, मग गल्ला कुठला?

४ मे १९७८. याच सिल्हेटी लोकांतला अल्ताब अली, शिलाई कामगार, व्हाइटचॅपलमध्ये कामावरून परतताना भोसकला. दहा दिवसांनी त्याची शवपेटी घेऊन हजारो माणसं डाउनिंग स्ट्रीटवर धडकली. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुकनं चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. पदार्थाला मान तरी मिळाला म्हणायचा!

आता गल्ल्यावर बसलेल्या मालकालाही विचारलंच पाहिजे : बाबा, तुझ्या मोरीत आज जो पोरगा भांडी घासतोय, त्याला पगार काय देतोस?