खाणींतील खडकांची कुरकुर

जुन्या वाड्याची तुळई रात्रीं करकरूं लागली कीं घरांतील वडील माणूस उठतो, दिवा घेऊन वर पाहतो, आणि मुलांना त्या खोलींतून हलवितो. तुळई पडणारच असें त्यास ठाऊक नसतें. पण ती पडेपर्यंत वाट पाहण्याचें धाडस तो करीत नाहीं. पृथ्वीच्या पोटांत काम करणाऱ्यांच्या बाबतींत हा साधा विवेक कितपत पाळला जातो, याविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

खडक बोलतो, हें खाणकामगारांस शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधींपासून माहीत होतें. पहारीनें छत ठोकावें. आवाज खणखणीत आला तर दगड घट्ट, ढोलासारखा पोकळ आला तर सुटलेला. छतास दिलेले लांकडी टेकू भार वाढला कीं कण्हतात, म्हणून कित्येक जुने कामगार लोखंडापेक्षां लांकडासच अधिक विश्वासू मानीत. लोखंड मुकाट्यानें वांकतें.

हा भार असतो तरी किती? कर्नाटकांतील कोलार येथील सोन्याच्या खाणी २००१ मध्यें बंद झाल्या. त्यांपैकीं चॅम्पियन रीफ ही ३ किलोमीटरांहून खोल गेली होती. एक घनमीटर खडक सुमारें २.७ टन भरतो. तेव्हां ३,००० मीटर खोलीवर दर चौरस मीटरास ८,००० टनांहून अधिक ओझें होतें. हा गुणाकार विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. मधला खडक काढून घेतल्यानें हें ओझें नाहींसें होत नाहीं. तें बाजूच्या खडकावर सरकतें. कठीण खडक तें कांहीं काळ सोसतो, आणि मग एकाएकीं फुटून त्याचे तुकडे बोगद्यांत उडतात. कोलारास हे खडकस्फोट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून परिचित होते.

मानवी कानास जें ऐकूं येत नाहीं तें ऐकण्याची युक्ति मात्र जवळजवळ अपघातानेंच सांपडली. १९३८ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी खाणखात्यांतील लिओनार्ड ओबर्ट हे खाणींतील खांबांतून ध्वनि किती वेगानें जातो हें मोजीत होते. यंत्रांत मधून मधून भलतेच ठोके उमटत. प्रयोगांतील हा उपद्रव म्हणजे भाराखालीं दबलेल्या खडकाचेंच सूक्ष्म तडकणें होय, हें पुढें ध्यानांत आलें, आणि ओबर्ट व त्यांचे सहकारी विल्बर डुवॉल यांनीं त्याचाच अभ्यास आरंभिला.

आज खाणींत ठिकठिकाणीं भूध्वनिग्राहक बसवितात. त्यांत चुंबक व तारेचें वेटोळें असून खडक किंचित् हलला कीं विजेचा बारीक प्रवाह उत्पन्न होतो. कठीण खडकांतून ध्वनि सेकंदास सुमारें ५ ते ६ किलोमीटर धांवतो. एका ग्राहकास आवाज दुसऱ्याहून सेकंदाच्या हजाराव्या भागानें उशिरा पोंचला, तर त्याची वाट पांचसहा मीटरांनीं लांब होती. असे निदान चार ग्राहक असले म्हणजे तडा कोठें व केव्हां गेला हें गणितानें काढतां येतें. चारच कां? कारण अज्ञात राशीही चार आहेत: लांबी, रुंदी, खोली आणि वेळ.

येथपर्यंत सर्व कौतुकास्पद आहे. परंतु या यंत्रास कोणी भविष्यवादी समजूं नये. अमुक वाजतां छत पडेल असें तें सांगत नाहीं. कधीं पुष्कळ कुरकूर होऊन कांहींच पडत नाहीं, तर कधीं थोड्याशा कुरकुरीमागून दरड येते. टास्मानियांतील बीकन्सफील्डच्या सोन्याच्या खाणींत ऑक्टोबर २००५ मध्यें कंपांमागून दरडी पडल्या होत्या. पुढें काम चालू राहिलें. २५ एप्रिल २००६ रोजीं पुनः एक लहानसा कंप झाला आणि जवळजवळ एक किलोमीटर खोलीवर खडक कोसळला. एक कामगार मेला. दोघे एका लोखंडी पिंजऱ्यांत अडकले, ते ९ मे रोजीं जिवंत बाहेर आले. सारें जग त्या दोघांच्या सुटकेनें हर्षलें, आणि तें योग्यच झालें. आम्हांस मात्र मधल्या त्या सहा महिन्यांचा विचार अधिक वेळ सोडीत नाहीं.

काम थांबविलें तर तोटा त्याच दिवशीं वहींत लिहिला जातो. न झालेला अपघात कोणत्याही वहींत लिहिला जात नाहीं. म्हणून उत्तम यंत्र बसवूनही त्याची सूचना बाजूस सारण्याचा मोह पडतो, आणि तो केवळ परदेशींच पडतो असें नव्हे. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरच्या भागांतही माणसें कोळशाच्या छताखालीं उतरत आलीं आहेत.

कित्येक खाणींत असा नियम आहे कीं, सुरुंग उडाल्यावर खडकाची कुरकूर ठराविक मर्यादेच्या खालीं येईपर्यंत कोणासही आंत सोडावयाचें नाहीं. नियम उत्तम आहे. पण बाहेर बसून राहिलेल्या त्या तासांचें वेतन कामगारास पुरें मिळालें पाहिजे, नाहींतर तोच आंत जाण्याची घाई करील. आणि आतां आंत जाण्यास हरकत नाहीं हें ठरविण्याचा अधिकार, महिनाअखेर ज्यास मालाचा आंकडा दाखवावयाचा आहे, त्या अधिकाऱ्याच्या हातीं असूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.