पांढरा म्हणण्याआधी

श्रावणी सोमवारी त्र्यंबकला मुक्काम केलेल्या माणसाला गोंगाट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मामांचं घर कुशावर्तापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्या दिवशी तिथून हाक मारली तर ऐकू जाणार नाही. गेल्या वर्षी आवाजाच्या तक्रारींवरून गावात एक छोटीशी बैठक झाली. ‘तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना, चल,’ म्हणून मामांनी मलाही ओढून नेलं. तिथे एका सुशिक्षित गृहस्थांनी विषयच मिटवून टाकला. ‘अहो, हा यात्रेचा व्हाइट नॉइज आहे. हजार आवाज मिसळलेत. त्यातून काय वेगळं काढणार?’ लोकांनी माना डोलावल्या. वीस वर्षं सिग्नल प्रोसेसिंगवर पोट भरणारा मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

व्हाइट नॉइज ही उपमा नाही. तो एक दावा आहे, आणि दावा तपासता येतो. आवाजाचे ठरावीक अंतराने नमुने घेतले, प्रत्येक नमुना म्हणजे एक आकडा. या आकड्यांची सरासरी शून्य हवी, चढउताराचं माप सगळीकडे सारखं हवं आणि तिसरी, खरी अट अशी की कुठल्याही दोन वेगळ्या क्षणांच्या आकड्यांचा गुणाकार केला तर त्या गुणाकारांची सरासरीही शून्य यायला हवी. म्हणजे आत्ताच्या आकड्याला मागच्या आकड्याची आठवण नसते. आवाजाची प्रत थोडी मागे सरकवून मूळ आवाजाशी ताडून बघायची, याला स्वसहसंबंध म्हणतात. व्हाइट नॉइजचा स्वसहसंबंध शून्य उशिराला एक सुळका, बाकी सगळीकडे सपाट. ‘सगळ्या वारंवारता सारख्या प्रमाणात’ हे त्याचंच दुसरं रूप. ही दोन रूपं एकाच नाण्याच्या बाजू आहेत हे वीनर आणि खिंचिन यांनी 1930च्या दशकात पक्कं केलं.

आम्हाला कॉलेजात फक्त दुसरी बाजू शिकवली. फळ्यावर एक आडवी रेघ, उंची एन-नॉट भागिले दोन, झालं. ती रेघ दोन्ही दिशांना अनंतापर्यंत गेली तर तिच्याखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण शक्ती, अनंत होते, हे विचारणाऱ्याला ‘परीक्षेत नाही’ असं उत्तर मिळालं. खरं उत्तर अवघड नाही. असा आवाज निसर्गात नसतोच. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928 साली प्रसिद्ध केलेला, तापलेल्या रोधातला नॉइज बराच पांढरा असतो. खोलीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे सुमारे 4 भागिले 10चा 21वा घात इतके वॉट. पण तोही काही टेराहर्ट्झपुढे उतरतोच. व्हाइट नॉइज ही मोजपट्टी आहे. तिच्याशी ताडून बघायचं असतं. (बाय द वे, ज्या उन्हावरून ‘पांढरा’ हे नाव आलं, त्याचा पटही सपाट नाही.)

आता त्या गृहस्थांचा मुद्दा, कारण तो मूर्खपणाचा नाही. हजार स्वतंत्र आवाज मिसळले की बेरीज घंटेच्या आकाराच्या वितरणाकडे झुकते, हे खरंच आहे. पण ते वितरण एका क्षणाच्या आकड्याबद्दल बोलतं. पांढरेपणा दोन क्षणांमधल्या नात्याबद्दल बोलतो. नाणं उडवत छापा म्हणजे अधिक एक, काटा म्हणजे उणे एक असं लिहीत गेलात तर ती यादी पूर्ण पांढरी असते, आणि घंटेचा आकार तिच्या जवळपासही नसतो. उलट घंटेच्या आकाराचं वितरण असलेला, पण संथ सरकणारा आवाज अजिबात पांढरा नसतो. आणि मुख्य गोष्ट: एकमेकांशी संबंध नसलेले आवाज मिसळले की त्यांच्या स्वसहसंबंधांची बेरीज होते. बेरीज. कुणाचाही स्वसहसंबंध पुसला जात नाही. एका भोंग्यानं दर अमुक सेकंदांनी स्वतःची नक्कल केली, तर गर्दीत कितीही आवाज ओता, ती नक्कल बेरजेत बसलेली असते. कमी उठून दिसेल, एवढंच. रेकॉर्डिंग लांबवा, वर येते.

म्हणून ‘व्हाइट नॉइज आहे’ याचा नेमका अर्थ होतो ‘मागच्यावरून पुढचं सांगता येत नाही, त्यामुळे मी जबाबदार नाही’. शास्त्राचा शब्द वापरून हात झटकणं आपल्याकडे फार सोपं झालंय.

दामोदर कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. गोव्यात जन्मलेल्या या माणसाने पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, 1943 साली, यादृच्छिक फलनांवर एक निबंध छापला. त्यातली कल्पना आज जगभर कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावानं चालते. कोसंबींचं नाव आता कुठे जोडलं जाऊ लागलंय. कल्पना अशी: कुठलीही यादृच्छिक प्रक्रिया तिच्या स्वतःच्या दिशांमध्ये उलगडता येते, अशा की त्या दिशांवरचे सहगुणक परस्परांशी असंबंधित असतील, आणि कुठली दिशा किती वजनदार हे कळेल. व्हाइट नॉइजमध्ये सगळ्या दिशांचं वजन सारखं. कुठलीही निवडा. मग त्र्यंबकच्या यात्रेत सगळ्या दिशा सारख्या आहेत का? तिथे कोण वजनदार आहे हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं.

पुढच्या सोमवारी मी मामांच्या गच्चीवर दहा मिनिटं रेकॉर्डिंग केलं. फोनचं आपोआप आवाज साफ करणं बंद करून, सेकंदाला 44,100 नमुने, न दाबलेल्या फाइलमध्ये. म्हणजे सुमारे दोन कोटी चौसष्ट लाख आकडे. आवाज पांढरा असता तर शंभरातल्या पंच्याण्णव उशिरांना सहसंबंध 0.0004च्या आत राहायला हवा होता. आलेखात डोंगर निघाले. 80 मिलिसेकंदांवर आणि त्याच्या पटींत एक रांग: मिनिटाला 1500 फेऱ्या फिरणाऱ्या जनरेटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांनी चक्र पुरं करतं, तेवढाच वेळ. 38 सेकंदांवर एक उंच टोक: ध्वनिमुद्रित घोषणा, फिरून फिरून. त्या टोकाशेजारी आणि शून्याशेजारीही 0.1 सेकंदावर एक बुटकं टोक होतं, म्हणजे तीच घोषणा दुसऱ्या भोंग्यातून चौतीसेक मीटर जास्त अंतर कापून येत होती.

मधेच सर आली. ब्रह्मगिरीवरून आलेला पाऊस शेजारच्या पत्र्यावर कोसळला. त्र्यंबकात पांढऱ्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच: प्रत्येक थेंब आपल्या मनाने पडतो, आधीच्याला विचारत नाही. पण पत्रा आपला सूर लावतोच. अशा आवाजाचा पट हा एका थेंबाच्या ठोक्याचा पट असतो. रंग पावसाचा नाही, पत्र्याचा. झोपेच्या ॲपमध्ये ‘व्हाइट नॉइज’ म्हणून विकला जाणारा पाऊस असाच कुणाच्या तरी छपरानं रंगवलेला असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, झोप येत असेल तर येऊ द्या.

तक्रार मोजणाऱ्यांबद्दल आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मर्यादा हवीच. पण डेसिबल हा एकच आकडा सगळ्यांना एका पोत्यात भरतो. भाविक, एसटीचा हॉर्न, जनरेटर, पाऊस, सगळे एकजीव. मग मर्यादा ओलांडली तरी ‘कुणी?’ याला उत्तर नसतं, आणि उत्तर नसल्यावर यात्रेला दोष देणं सोयीचं. 2027चा सिंहस्थ दाराशी आलाय. तेव्हाही मीटर लागतील, आकडे लिहिले जातील. त्यासोबत आवाजाची फाइल ठेवा, हे मागणं महाग नाही. माझं सगळं काम एका फोनवर आणि जुन्या लॅपटॉपवर झालं.

दिवाळीनंतरच्या बैठकीला मी आलेख छापून नेला. त्या गृहस्थांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, मग 38 सेकंदांच्या टोकावर बोट ठेवलं.

‘हा कुठला?’

‘वाहनतळाचा,’ मामा म्हणाले. ‘एक खांबावर, एक मागच्या भिंतीवर.’

‘दोन कशाला लागतात तिथे?’